हद्दीवरच्या बाभळीखालचा समुद्र

वैशाखातला वारा सुटला की मला समुद्र आठवतो. माणसं हसतात. आटपाडीच्या वरच्या अंगाला, जिथं सांगली जिल्हा संपतो आणि साताऱ्याचा माण तालुका सुरू होतो, तिथल्या माणसाला वैशाखात आठवण यावी ती फार तर ताकाची. माझं तसं नाही. दुपारी अंगणातल्या लिंबाचा वाळका पाला भिरभिरत दाराशी आला, पत्रा तापून तडतडायला लागला, की माझ्या नाकात खारा वास येतो आणि कानात खडी फोडल्याचा आवाज. खारा वास आणि खडी. ही दोन एकत्र आठवणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच असेन. नाही, चुकलो. दोघं. दुसरी आत डाळ निवडत बसली आहे आणि मी काय लिहितोय यावर तिचा कान आहे.

त्या सालाला सगळे बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण आम्हाला खरा भाजला तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यानं. आता ऊन काय पडायचं ते मी सांगतो आणि लोक म्हणतात, हा वाढवून सांगतो. अहो, कमी करून सांगतोय! कावळे उडत नव्हते, चालत होते. पंख उघडला की पंखाला चटका. विहिरीत दगड टाकला तर आवाज यायचा नाही, धूळ यायची. एकदा माझ्या सावलीत एक सरडा येऊन बसला आणि मी चाललो तसा माझ्याबरोबर सावलीसावलीनं थेट घरापर्यंत आला. हौसा आतून म्हणते, सरडा नव्हता, सापसुरळी होती. म्हणजे बघा, बाकीचं खरं आहे.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. फौजेत ड्रायव्हर. दोन वर्षं अंदमानात काढून दोन महिन्यांच्या रजेवर आलो होतो. जहाजानं मद्रास, तिथून गाड्या बदलत मिरज, मिरजेहून एसटीनं आटपाडी आणि पुढं ट्रंक डोक्यावर घेऊन पायी. आमच्याकडं रजेवर आलेला फौजी गडी पारावर बसतो, ट्रंक उघडतो, वर्षभराच्या बाता चार दिवसांत मारतो आणि मान घेतो. त्या वर्षी पारावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गावच खडीवर गेलं होतं. मग मीही गेलो. पहिल्या दिवशी आईला भाकरी पोचवायला, दुसऱ्या दिवशी तिच्या हातातली हातोडी घ्यायला.

दुष्काळी काम रस्त्याचं होतं. सांगलीच्या बाजूनं आमची टोळी, साताऱ्याच्या बाजूनं त्यांची. दोघांनी खडी फोडत, मुरूम पसरत एकमेकांकडं सरकायचं आणि हद्दीवर भेटायचं. हद्दीवर एक बाभूळ होती. दोन कोसांत झाड म्हणून तेवढंच. सकाळी तिची सावली साताऱ्यात पडायची, दुपार कलली की सांगलीत यायची, आणि भर बाराला दोन्ही जिल्ह्यांची माणसं बुंध्याला चिकटून बसायची. तांबड्या मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या जोंधळ्याची भाकरी, कामावर मिळालेली गोड पिठाची सुकडी आणि फडक्यात बांधलेली मिरची. त्या मिलोची भाकरी अशी व्हायची की एकदा माझ्या हातून निसटली आणि खाली दगडाला चीर गेली. मुकादमानं तो दगड फोडलेल्या खडीत धरला.

हौसा मला पहिल्यांदा दिसली ती या बाभळीखाली, साताऱ्याच्या सावलीत. चिंध्यांची चुंबळ जमिनीवर ठेवायची, तिच्यात दगड बसवायचा आणि एकच घाव. दगडाचे सारखे चार तुकडे. मी चार घाव घालून एक तुकडा करायचो, तोही माझ्या नखाचा. तिनं माझ्या बोटाला बांधलेली चिंधी बघितली, मग माझे फौजी बूट बघितले, आणि शेजारणीला म्हणाली, "देशाचं कसं व्हायचं गं?"

झालं. माझं ठरलं.

आईनं गोदाआक्काच्या तोंडून शब्द टाकला. गोदाआक्का आमच्या टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई. दात दोन, पण दोन जिल्ह्यांच्या सोयरिकी पाठ. हौसाचा बाप बिरूनाना. आमच्यासारखंच मेंढकं घर. त्या वर्षी त्याची मेंढरं धाकट्या भावाबरोबर कोकणाच्या वाटेला लागली होती आणि गुडघा गेल्यामुळं नाना पोरीबरोबर खडीवर मागं राहिला होता. कळप हलायच्या आधी एक माणूस दोन दिवस पुढं जातो. ओढा वाहतोय का, डोहात किती आहे, पाणी पाजू देतात का, हे बघून तो परत येतो आणि मगच मेंढरं हलतात. नाना उभ्या आयुष्यात तो पुढं जाणारा माणूस. त्यानं 'पाणी हाय' म्हटलं तर आहे. 'न्हाई' म्हटलं तर पुढं नदी दिसत असली तरी कळप हलायचा नाही.

गोदाआक्का म्हणाली, "नाना, पोरगं सरकारी हाय. बेटावर क्वार्टर मिळालंय त्याला. बायकूला न्यायला परवानगी हाय."

नाना चिलीम भरत होता. "कैद्यांचं बेट त्ये. काळं पाणी. माझ्या लेकीनं कुणाचा खून केलाय, आक्का?"

त्याला आणखी एक अडचण होती, आणि ती खरी होती. नानाच्या घरात एक नेम होता. लेक द्यायच्या आधी बापानं मुलाच्या गावी जायचं, पाणवठ्यावर घागर भरायची आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन मुलाच्या उंबऱ्यापर्यंत चालायचं. वाटेत दम लागला तर सोयरीक तिथंच मोडली, जेवायलासुद्धा थांबायचं नाही. थोरल्या दोघींच्या वेळी नानानं अशी पाच घरं उंबऱ्याच्या अलीकडूनच सोडली होती. एका ठिकाणी तर म्हणे पुरणाचा वास येत होता.

"तुज्या गावात तर पाणीच न्हाई," नाना मला म्हणाला. "तू पोरीला बेटावर नेणार. मग बेटावरचं पाणी बघितल्याबिगर मी लेक कशी देऊ?"

"आवं नाना, तीन दिवस आगगाडी आन् चार दिवस जहाज. कसं नेऊ तुमाला?"

"तोंडानं ने. तोंड हाय की तुला. दोन्ही टोळ्यांना म्हाईत हाय."

माझ्या रजेचे अकरा दिवस उरले होते.

इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी गावाला पत्रातून कळवलं होतं की मी तिकडं मोठ्या साहेबांची जीप चालवतो. शिट्टी मारली की रस्त्यावरची माणसं बाजूला होतात वगैरे. खरं म्हणजे मी तिकडं पाण्याचा टँकर चालवत होतो. चहूबाजूंनी समुद्र, आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. म्हणून तळ्याचं गोडं पाणी भरून किनाऱ्याच्या रस्त्यानं लांबलांबच्या चौक्यांना पोचवायचं. आता दुष्काळी मुलखातला गडी समुद्र ओलांडून जातो आणि तिथंही पाणीच वाहतो, हे सांगायला मला लाज वाटायची. त्यात त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकरवाल्याइतक्या शिव्या दुसऱ्या कुणालाच मिळत नव्हत्या. कामावर टँकर यायचा तो केव्हाही, आणि तो आला की पुढच्या बाया घागरी घेऊन तुटून पडायच्या, मागच्यांच्या वाट्याला चिखल. अशा ठिकाणी 'मी टँकरवाला' असं कोण सांगेल? म्हणून जीप.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. खडीचा मोठा ढीग ही गाडी. मी पुढं, हातात उपडं घमेलं, ते स्टेअरिंग. शेजारी नाना. मागं दोन्ही टोळ्यांतली ज्याला जागा मिळेल ती माणसं. हौसा गाडीत बसली नाही. ती खाली दगड फोडत राहिली, पण घाव हळू पडत होते.

"हं, जेटीवरनं निघालो," मी म्हणालो. "डाव्या हाताला समुद्र. निळा. आपल्या निळीच्या पुडीत बोट बुडवल्यावाणी. उजव्या हाताला डोंगर, हिरवं रान, झाडं एवढी उंच की शेंडा बघताना टोपी पडती."

गाडी चालली. लाकूड कापायची गिरणी आली, तिथं हत्ती ओंडके ओढत होते. नारळाची बाग आली. मी घमेलं गरागरा वळवलं.

"जरा हळू घे रं सदा," मागून गोदाआक्का म्हणाली. "मला गाडी लागती."

मी गंमत समजलो. मागं बघितलं तर म्हातारीनं तोंडाला पदर लावला होता आणि शेजारीण तिची पाठ चोळत होती. मला चक्क गाडी थांबवावी लागली. कांदा हुंगवला तेव्हा कुठं पुढं निघालो.

नानाची गंमत वेगळी होती. मी एक ठिकाण सांगितलं की तो खिशातून एक खडा काढायचा आणि समोरच्या मातीत मांडायचा. जेटीचा खडा, गिरणीचा खडा, बागेचा खडा. "किती लांब?" "मैलभर." मग तो बोटानं माप घेऊन खडा सरकवायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत माझी जीप भरधाव सुटली होती. एक लाट साहेबांच्या गाडीला सलाम करून मागं जायची. एक बेट होतं ते कासव निघालं. दीपगृहाच्या टोकावरून एका बाजूला ब्रह्मदेश आणि दुसऱ्या बाजूला, हवा स्वच्छ असेल तर, मिरजेचं स्टेशन दिसायचं. लोक माना डोलवत होते. सलाम करणारी लाट मान्य झाली. कासवही मान्य झालं. आणि मग मी सहज एक खरी गोष्ट सांगितली, की तिकडं एक खेकडा आहे तो नारळाच्या झाडावर चढतो आणि नांगीनं नारळ सोलतो. ढिगावर हशा पिकला. साताऱ्याकडचा एक जण तर उतरूनच गेला. "लय झालं गड्या! काय बी सांगतोय!" मासे पाण्याबाहेर उडतात म्हटलं, तर आईनं मान खाली घातली. खोटं बोलणाऱ्याच्या नशिबी हेच असतं. खरं बोलला की साक्षीदार मिळत नाही.

पाचव्या दिवशी नानानं खड्यांवर काठी ठेवली.

"परवा समुद्र डाव्या हाताला व्हता."

"व्हय."

"आज उजव्या हाताला हाय. गाडी कुठं वळवलीस?"

"मधी एक वळण..."

"वळणं मी मोजल्याती. ही बघ तुजी वाट." काठी खड्यांवरून फिरली. "ह्या दगडावरनं ह्या दगडावर जायाचं म्हंजे गाडी समुद्रातनं न्यावी लागंल. न्हेलीस का?"

ढिगावर कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. नाना चिडलाही नव्हता. ओढ्याचं पाणी चाखून थुंकावं तसा चेहरा होता त्याचा. "मी वाट सांगणारी लय माणसं बघितल्याती," तो म्हणाला. "खोटं बोलणाऱ्याची वाट नेहमी झाडांनी भरल्याली असती. पाण्याचं विचारलं की पुढच्या वळणावर म्हंतो."

तेवढ्यात खालून घाव थांबले. हौसा तोपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मान वर न करता म्हणाली, "त्या बेटावर बायामाणसं न्हाईत का? पाच दिस झालं हिंडतोय. झाडं दावली, खेकडं दावलं. पाणी भरताना कुणी दिसलं न्हाई."

मी घमेलं खाली ठेवलं. गोष्ट अर्धी टाकून ढिगावरून उतरलो. असा प्रसंग माझ्यावर आयुष्यात दोनदाच आला. दुसरा केव्हा, ते हौसा सांगू देत नाही.

पुढचे दोन दिवस गाडी निघाली नाही. खडे तसेच पडून होते आणि माणसं त्यांच्यावर पाय न देता वळसा घालून जात होती, जणू तिथं खरंच पाणी आहे.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. सकाळी यायचा तो दुपारी. दोन्ही टोळ्या मिळून अर्धा मैल माणसं पसरलेली, आणि टँकर आमच्या टोकाला येऊन उभा राहिला. मग जे व्हायचं तेच. घागरीवर घागर, केसात हात, शिव्या. मी हातोडी घेऊन बघत होतो. पार तिकडच्या टोकाला साताऱ्याच्या बाया रिकाम्या घागरी कमरेला लावून पळत येत होत्या. त्या पोचेपर्यंत इथं काही उरणार नाही, हे आंधळ्यालाही दिसत होतं. ड्रायव्हर घाबरून केबिनमध्ये काच लावून बसलेला.

मी काय केलं ते मला आठवत नाही, हात आठवतात. हातांनी मागची तोटी बंद केली. एका हिसक्यात, कारण ती उलटी फिरते आणि फिरवताना खाली दाबावी लागते. मग मी केबिनमध्ये चढलो, ड्रायव्हरला म्हणालो, "सरक," आणि भरला टँकर पहिल्या गिअरमध्ये असा हलवला की टाकीत पाणी हेलकावलं नाही. आमची टोळी मागून बोंबलत होती. माझी आईसुद्धा. टँकर थेट साताऱ्याच्या शेवटच्या बाईपाशी नेला, तिथं उतरून तोटी उघडली आणि एकेक करत, थांबत, वाटत मागं आलो. आमच्या टोकाला पोचलो तेव्हा टाकीत हातभर पाणी होतं. सगळ्यांना घागर घागर मिळाली. मला मात्र आईनं पेलाभरसुद्धा दिलं नाही.

नाना बाभळीखाली बसून होता. मी जवळून चाललो तर काठी आडवी केली.

"ह्यो जीपचा हात न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई नाना."

"काय चालवतोस तिकडं?"

"ह्येच. पाणी."

त्यानं चिलीम बाजूला ठेवली. "लांबच्याला आधी का दिलंस?"

"जवळचं टाकी रिकामी करत्यात नाना. म्हणून तिकडं आमी भरली टाकी घेऊन सरळ शेवटच्या चौकीला जातो. तिथनं वाटत मागं येतो."

नानानं काठी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "मेंढरं पाजताना लंगडी आधी सोडायची. दांडगी आधी सोडली की पाणी गढूळ करत्यात." आणि मातीतल्या खड्यांवरून त्यानं पंजा फिरवला. अख्खं बेट पुसून टाकलं. "आता सांग वाट. तीच. खरी सांग."

मी घमेलं घेतलं नाही. ढिगावरही बसलो नाही. जमिनीवर बसून सांगत गेलो, आणि आजही वैशाखात जे आठवतं ते त्या दुपारी सांगितलेलं आठवतं, प्रत्यक्ष बघितलेलं नव्हे. पहाटे तळ्यावर टाकी भरायची. भरली टाकी घेऊन निघालं की वेग नाही. माणूस शेजारून चालत पुढं जाईल. समुद्र डाव्या हाताला, तो जाताना शेवटपर्यंत डाव्याच हाताला. रस्ता अरुंद, कडेला केवड्यासारखी काटेरी झाडं, त्यांची मुळं हातभर जमिनीवर उचललेली, लुगडं वर खोचून ओढ्यात उभ्या राहिलेल्या बायांसारखी. माझी टाकी जुनी, थेंब थेंब गळायची. मागं आरशात बघितलं की रस्त्यावर एक ओली रेघ दिसायची, आणि त्या रेघेवर पाखरं उतरायची. एवढा समुद्र शेजारी, आणि पाखरं माझ्या गळतीवर! समुद्राकडं बघायला मला एकच जागा होती. मधला चढ संपला की इंजिन तापायचं. बॉनेट उघडून पाव तास थांबायचं. तिथून खाली पाणी असं दिसायचं की किनाऱ्याशी कच्च्या कैरीच्या रंगाचं, मग मोरपंखी, आणि पुढं काळसर. वारा यायचा. अंगावरचा घाम आणि वाऱ्यातलं मीठ यांत फरक कळायचा नाही. तेवढ्या पाव तासात मला घर आठवायचं. दीपगृह मी बघितलं होतं, पण लांबून. टँकरला तिकडं काम नव्हतं.

"आन् शेवटच्या चौकीला?" हे हौसानं विचारलं.

"चौकीला लागून वस्ती हाय. बाहेरनं येऊन राहिल्याली माणसं. बाया हंडे घेऊन उभ्या असत्यात. आपल्यावाणीच."

"क्वार्टरपासनं पाणी किती लांब?" नानानं विचारलं.

"टाकी उताराच्या तळाला हाय. दोनशे पावलं. येताना चढ. पावसाचे आठ महिने दारात पाणी, पर मार्च-एप्रिलात एक दिसाआड."

"भांडणं व्हत्यात?"

"व्हत्यात."

त्यानं मान हलवली. रस्त्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाणी लागल्यासारखी.

रजेचे तीन दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नानानं गोदाआक्काची पत्र्याची घागर मागितली. नव्यानं दाबलेल्या रस्त्याला हद्दीजवळ चढ होता, तो त्यानं पायानं मोजला. दोनशे पावलं. शेवटच्या पावलावर माझा फौजी बूट ठेवला. तो माझा उंबरा. घागरीत पाणी भरायचा प्रश्नच नव्हता, कुणाच्या तोंडचं भरणार? त्यानं खडी भरली. खडी पाण्यापेक्षा जड, हे तिथं पोरासोरांनाही माहीत होतं. नानालाही. पण तो म्हणाला, "भरली घागर म्हंजे भरली घागर," आणि ती डोक्यावर घेतली.

हातोड्या थांबल्या. दोन जिल्ह्यांच्या हातोड्या एकदम थांबल्यावर कसली शांतता पडते, ती मी पुन्हा कधी ऐकली नाही. नाना चालत होता. एका गुडघ्यावर जोर देऊन, दुसरा ओढत. पन्नास. शंभर. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर पाऊल टाकत होतो. सव्वाशेला त्याच्या मानेची शीर दिसायला लागली. दीडशेच्या पुढं चार पावलं, आणि तो थांबला. घागर खाली ठेवली नाही. डोक्यावरच दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, आणि त्याच्या छातीचा भाता लांबून दिसत होता.

"दम लागला गं, हौसा," तो म्हणाला.

लेकीची क्षमा मागावी तसं म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"खडी हाय ती नाना! पाणी न्हवं!" गोदाआक्का ओरडली. "आन् तुजा गुडघा कुठं हाय ठिकाणावर?"

"नेम म्हंजे नेम, आक्का. पाच घरं सोडली म्या ह्या नेमापायी. त्यास्नी काय सांगू?"

मी बूट उचलायला निघालो. मोडलं म्हणजे मोडलं. अशा वेळी उभं राहू नये. पण हौसा माझ्या आधी उठली. पदर खोचला, चुंबळीच्या चिंध्या झटकून डोक्यावर ठेवल्या आणि बापासमोर जाऊन उभी राहिली.

"ही घागर जल्मभर कुणाच्या डोक्यावर जाणार हाय? तुमच्या का माझ्या?"

"तुज्या."

"मग दम माझा बघा की."

नानाच्या डोक्यावरची घागर तिनं आपल्या डोक्यावर घेतली. पण तिथून पुढं गेली नाही. आधी खाली गेली, पार पहिल्या पावलापर्यंत, आणि तिथून वळून निघाली. सुरुवातीपासून. एक हात घागरीला, दुसरा मोकळा. बुटापाशी आली, थांबली नाही. बूट ओलांडून आणखी पन्नास पावलं साताऱ्याच्या हद्दीत वर गेली, तिथून वळली आणि मला म्हणाली,

"आवं, आजून कुठवर हाय तुमचं क्वार्टर?"

नाना मटकन रस्त्याच्या कडेला बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. पाच घरांच्या उंबऱ्याअलीकडून परत फिरलेला तो माणूस, पुढं जाऊन पाणी बघणारा. त्या दिवशी त्याच्या पुढं दुसरंच कुणी तरी गेलं होतं.

दोन दिवसांत बाभळीखाली लग्न लागलं. गोड म्हणून सुकडीचे लाडू. अक्षता मिलोच्या. एवढ्या टणक अक्षता कुणाच्या लग्नात पडल्या नसतील. मला कपाळावर दोन टेंगळं आली. हौसा म्हणते एकच. तिसऱ्या दिवशी मी एकटाच परतलो, तिला घेऊन जायला दिवाळीत आलो.

आता तो रस्ता डांबरी झाला आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना डाळिंबं लागली आहेत. कृष्णेचं पाणी कालव्यातून वर चढून आमच्याकडं येतं. नानानं हे बघितलं असतं तर आधी चाखलं असतं. तो गेला त्यालाही आता किती तरी वर्षं झाली. रस्ता रुंद करताना बाभूळ गेली. सांगली कुठं संपते आणि सातारा कुठं लागतो ते सांगायला सरकारी पाटी आहे, पण तिला सावली नाही. त्या उन्हाळ्यानं आमचं काय काय नेलं याची मोजदाद मी करत नाही. गुरं नेली, म्हातारी माणसं नेली. पण उपाशी पोटी, तापल्या खडीवर बसून, जिथं जायचं नाही अशा ठिकाणच्या गाडीत आपण सगळे बसलो होतो आणि एका म्हातारीला खरोखर मळमळलं होतं, ते कुठं सांगू? भरल्या पोटी तशी गाडी पुन्हा कधी निघाली नाही. मी पुष्कळदा घमेलं हातात घेऊन बघितलं.

हौसा बेटावर आली तेव्हा पाऊसकाळ सरत होता. मार्चात टाक्या आटल्या आणि एका पहाटे मी तिला टँकरच्या केबिनमध्ये शेजारी बसवलं. नियमात बसत नव्हतं; आमच्या सुभेदारसाहेबांना नेमकी त्याच वेळी दुसरीकडं बघायची आठवण झाली. समुद्र डाव्या हाताला होता. मी म्हटलं, बघ. ती आरशात ओली रेघ बघत होती. चढ संपला, बॉनेट उघडलं, म्हटलं आता तरी बघ. ती टाकीच्या तोटीखाली चिंधी बांधत होती. गिरणी गेली, बाग गेली, एक खेकडा खरोखर नारळावर चढत होता, तोही गेला. शेवटच्या चौकीला बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना. ती उतरली, रांगेच्या पार शेवटी गेली, एका पोटुशी असलेल्या बाईचा हात धरून तिला पुढं आणलं आणि नळी स्वतःच्या हातात घेतली. कुणी कुरकुरलं नाही.

शेवटचा हंडा भरला तेव्हा ऊन वर आलं होतं. हौसानं नळी गुंडाळून मला दिली, ओल्या हातांनी तोंड पुसलं, वाळूवरून चालत पाण्यापर्यंत गेली आणि घोट्याएवढ्या लाटेत उभी राहून माझ्याकडं वळली.

"हं," म्हणाली. "आता दावा, काय दावायचं ते."